बाथरूम आणि ओटा फोडायचाय, पण घर सोडायचं नाही. तात्पुरती सोय कशी करावी?

कोथरूडकरीण:
नमस्कार मंडळी. दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत १९९४ ची. कॉमन बाथरूममधून खालच्यांकडे पाणी उतरतंय, त्यामुळे ते फोडणं भागच आहे. त्यातच कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करायचं ठरलंय. थोड्या दिवसांसाठी भाड्याने घर मिळत नाही, आणि सासूबाई (वय ७९, गुडघे गेलेले) स्वतःची खोली सोडायला तयार नाहीत. त्यांच्या खोलीला वेगळं बाथरूम आहे, एवढं बरं. बाहेरचं जेवण त्यांना पचत नाही. हॉलमध्ये स्वयंपाक मांडावा म्हणते, पण इंडक्शनवर की सिलिंडरवर? आत्ता पाइप गॅस आहे. भांडी कुठे घासायची? ड्राय बाल्कनीत नळ आहे, पण तिकडची वाट स्वयंपाकघरातूनच. कंत्राटदार म्हणतो दोन्ही एकदम उरकू, मजुरी वाचेल.

ठाण्याची काकू:
एकदम मुळीच नको! मजुरी वाचेल ती त्याची, हाल तुमचे. आधी बाथरूम पूर्ण करून घ्या. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी पाणी तुंबवून निदान ४८ तास ठेवायला लावा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघून या. घाई नेमकी इथेच होते. "केमिकल मारलंय ताई" एवढ्यावर सोडू नका. ते बाथरूम वापरात आलं की मगच ओट्यावर घण. तोवर स्वयंपाकघर शाबूत, आणि ओटा फुटेल तेव्हा भांड्यांना हे बाथरूम मोकळं. कोऱ्या टाइल्सवर खरकटी भांडी घासायला जीव धजत नाही, पण इलाज नाही. जाळीवर गाळणं ठेवा, भाताची शितं आत जाऊ देऊ नका. मावशींना आधी विचारा हं, खाली बसून घासायला सगळ्याच तयार होत नाहीत.

हॉलमध्ये संसार थोडका ठेवा. कुकर, कढई, तवा, चहाचं पातेलं, बस्स. मिसळणाचा डबा खोक्यात जाऊ देऊ नका, नाहीतर फोडणीच्या वेळी हळदीसाठी सगळी खोकी उपसाल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. तळाला चुंबक चिकटला तर चालेल. पोळ्या सरळ पोळीवाल्या ताईंकडून आणा. लोखंडी सपाट तव्यावर होतात, पण कडेला कामगारांचा कटिंगचा ग्राइंडर चालू असताना कणीक मळणं मला तरी जमत नाही. सासूबाईंचा वरण-भात कामगार यायच्या आधी उरकायचा. स्वयंपाकघराच्या चौकटीला प्लास्टिक, कडेने मास्किंग टेप, उंबऱ्यावर ओलं गोणपाट. तरी धूळ येतेच. देवघरावरसुद्धा चादर टाका.

वायरमन_सातारा:
काकूंचं सगळं पटलं. फक्त इंडक्शन कुठल्या पॉइंटवर लावणार ते आधी ठरवा. २००० वॅटची शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. हॉलमधला टीव्हीचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, आणि बाजारातली एक्स्टेन्शन बोर्डंही बहुतेक तेवढीच. वास यायला लागतो तोवर आतली वायर वितळलेली असते. हॉलमध्ये एसीचा पॉइंट असेल तर तो १६ अँपिअरचा असतो, पण छताजवळ. तिथून २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर खाली उतरवून भिंतीवर वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. मग एसी आणि शेगडी एकाच वेळी लावायची नाही.

सिलिंडर मला हॉलमध्ये नकोच वाटतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर फरशीलगत साचतो. नुसती खिडकी उघडून तो जात नाही. आणि पाइप गॅसची लाइन प्लंबरला सोडवू देऊ नका. गॅस कंपनीचा माणूस येऊन बंद करून जाईल, नवा ओटा झाल्यावर तोच जोडेल.

कोथरूडकरीण:
दोघांचे आभार. हॉलमध्ये एसी नाही, सासूबाईंच्या खोलीत आहे. म्हणजे शेगडी त्यांच्या उशाशी? त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "चालेल, मीच लक्ष ठेवीन वरणावर."

वायरमन_सातारा:
चालेल, पण शेगडी पलंगापासून लांब, टेबलावर ठेवा, पडद्याखाली नको. आणि खोलीच्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) आहे का ते बघून घ्या. १९९४ च्या वायरिंगमध्ये बहुधा नसेल. इलेक्ट्रिशियन येणारच आहे, तेव्हाच बसवून घ्या.

ठाण्याची काकू:
मीठ मात्र तुम्हीच घाला, त्यांच्यावर सोपवू नका. 😄