शब्दचर्चा: सूक्ष्मगुरुत्व, रवा आणि स्फटिक

प्रश्न: अवकाशस्थानकात प्रथिनांचे स्फटिक वाढवतात, त्या अवस्थेला ‘शून्य गुरुत्व’ म्हणावं की ‘सूक्ष्मगुरुत्व’? आणि स्फटिकाला सरळ ‘रवा’ म्हटलं तर काय बिघडतं?

– ‘शून्य’ टाळाच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. स्थानक आणि आतलं सामान एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतं, म्हणून वजन जाणवत नाही. उरतं ते किंचित त्वरण, जमिनीवरच्या त्वरणाच्या दशलक्षांशाच्या आसपासचं. पंखे, पंप, अंतराळवीरांचा व्यायाम यांच्या कंपनांनी ते क्षणभर कितीतरी पट वाढतं. ‘शून्य’ म्हटलं की स्फटिक वाढवायच्या पेटीला कंपनरोधक आधार कशाला, तेच कळेनासं होतं.

– ‘रवा’ हे दिसण्याचं नाव, ‘स्फटिक’ हे आतल्या रचनेचं. एका रव्यात वेडेवाकडे जुळलेले अनेक स्फटिक असू शकतात. क्ष-किरणांनी प्रथिनाची रचना काढायला एकच सलग स्फटिक हवा. पण न्यूक्लिएशनला, म्हणजे द्रावणात स्फटिकाची पहिली सुरुवात होण्याला, मला ‘केंद्रकीभवना’पेक्षा ‘रवा धरणं’ आवडतं.

– वाढीचे शब्दही बघू. प्रथिनाचे रेणू स्फटिकाला चिकटले की लगतचं द्रावण हलकं होतं. जमिनीवर ते वर चढतं आणि त्याच्या जागी दाट द्रावण येतं: हे ‘अभिसरण’. सूक्ष्मगुरुत्वात ते जवळपास थांबतं, रेणू फक्त ‘विसरणा’ने, म्हणजे आपोआप पसरत, पोचतात. स्फटिकाभोवती विरळ द्रावणाचा थर टिकतो, वाढ मंदावते, रेणूंना नीट जागेवर बसायला वेळ मिळतो. मोठ्या आकाराची अशुद्धी आणखी सावकाश पोचते. या थराला ‘क्षय-क्षेत्र’ म्हटलं तर रोगच आठवतो. ‘विरळ वलय’ बरं. फायदा मात्र सगळ्याच प्रथिनांना होत नाही.

– एक दुरुस्ती: स्फटिक वाढवायच्या एका पद्धतीचं ‘लोंबता थेंब’ हे नाव कक्षेत चालणार नाही, कारण तिथे लोंबायला खाली अशी दिशाच नाही. जमिनीवर काचेच्या चकतीवर २ मायक्रोलिटर प्रथिनाचं द्रावण आणि कुपीतलं तेवढंच क्षारद्रावण मिसळतात. चकती उलटी करून ५०० मायक्रोलिटर क्षारद्रावणाच्या कुपीवर हवाबंद बसवतात. थेंबातला क्षार निम्मा, म्हणून पाणी वाफेने कुपीकडे जातं आणि थेंब साधारण निम्मा होईपर्यंत आटतो. या पद्धतीला ‘बाष्पविसरण’ म्हणा, ते दोन्हीकडे खरं. शिवाय थेंबाच्या उघड्या पृष्ठभागावर पृष्ठताणातल्या फरकामुळे मारांगोनी प्रवाह सुरू होऊ शकतो. गुरुत्वाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे कक्षेतही तो थांबत नाही. म्हणून काठोकाठ भरलेली केशनळी बरी. भरतानाच हवा काढा: तिथे बुडबुडा वर येत नाही, अडकतो तिथेच राहतो आणि त्याच्या कडेनेही तोच प्रवाह सुरू होतो.