मदत हवी आहे : घाटात डिझेल गाडीची ताकद अचानक जाते

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी टर्बोवाली (म्हणजे आतली पाती हलवून हवेचा दाब कमी-जास्त करणारा टर्बो). सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही. आंबा घाट चढताना मात्र तिसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला की एकदम ओढच संपते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आरपीएम तीन हजारांच्या वर जातच नाहीत. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत! म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये जातेय (बिघाड दिसला की इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी होते, तो मोड), एवढं नक्की.

स्कॅनरवर पी०२९९ हा एरर कोड येतो, म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी पडतंय. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे आहेत. काळा धूर नाही, टर्बोची शिट्टीही नेहमीसारखीच. इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) खालच्या पाइपला क्लॅम्पपाशी तेलाचा ओलसर थर दिसतो, बोट लावलं की काळं होतं. टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या मूळच्याच, टोकाला कडक झाल्यात.

मेकॅनिक थेट टर्बो बदला म्हणतात. मला ते पटत नाही. टर्बोच गेला असता तर चावी फिरवून ताकद परत कशी आली असती?

आधी काय तपासू? नळ्या, बूस्ट सोलेनॉइड (ॲक्च्युएटरला किती व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणारा व्हॉल्व्ह), की काजळीने अडकणारी ॲक्च्युएटरची दांडी (टर्बोची पाती हलवणारी)? इंजिन चालू करताना ती दांडी किती सरकायला हवी? कोल्हापुरात स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) नीट करणारं गॅरेज माहीत असेल तर तेही सांगा. आईला घेऊन याच घाटातून जावं लागतं, आणि ट्रक ओलांडताना ताकद गेली तर फार धोक्याचं आहे.