जंगलाचे जुने तुकडे आधी वाचवावेत की नवी झाडे लावावीत? (ब्राझीलच्या अटलांटिक वर्षावनातील पक्षी)

रानवाट (प्रश्न)

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक वर्षावनाविषयी गेले काही महिने मी वाचत आहे. एके काळी सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या जंगलाचा फार थोडा भाग आता उरला आहे आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार उरलेल्या तुकड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक तुकडे ५० हेक्टरपेक्षाही लहान आहेत. त्याच वर्षी तिथे जंगल पुन्हा उभे करण्याचा एक मोठा करार झाला आणि २०५० पर्यंत १.५ कोटी हेक्टरांचे उद्दिष्ट ठरले. जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या २०० हून अधिक पक्षीजाती या पट्ट्यात आहेत, त्यामुळे हा करार वाचून मला मनापासून आनंद झाला होता. परंतु अलागोआस फोलिएज-ग्लीनर या पक्ष्याविषयी वाचले आणि मन अस्वस्थ झाले. त्याचे जंगल संरक्षित झाले, तरीही तो वाचला नाही. माणसे आणि पैसा दोन्ही मर्यादित असताना आधी काय करावे? उरलेले लहान तुकडे राखण्यात खरोखर अर्थ आहे का, की सर्व बळ नव्या लागवडीकडे वळवावे?

जुनाखोड

आपण ज्या पक्ष्याचा उल्लेख केला, त्याच्याच कथेत उत्तराचा मोठा भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हा तांबूस-तपकिरी पक्षी १९७९ साली अलागोआस राज्यातील मुरिसी इथे प्रथम सापडला आणि १९८३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याचे सारे जगणे जुन्या झाडांवर अवलंबून होते. जाड, आडव्या फांद्यांवर अननसाच्या कुळातील ब्रोमेलियाड वनस्पती वाढतात, त्यांच्या बेचक्यांत वाळलेली पाने आणि कचरा साठतो, आणि तो कचरा चोचीने उलथापालथा करून त्यातील किडे टिपणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग असे. दहा-पंधरा वर्षांच्या रोपवनात झाडे हिरवी दिसतात, उपग्रहाच्या चित्रातही ते जंगल म्हणूनच मोजले जाते. परंतु अशी फांदी, असा साठलेला कचरा आणि घरट्याजोगी ढोली तिथे नसते.

मुरिसीला संरक्षण मिळाले ते २००१ साली. तोपर्यंत ऊसशेतीने आजूबाजूचे जंगल गिळले होते. १९७५ नंतर उसापासून इंधन बनवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाल्यावर तर तो वेग आणखी वाढला. पुढे हा पक्षी पेर्नांबुको राज्यातील एका खासगी राखीव जंगलातही आढळला, पण २०११ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही. संरक्षण निष्फळ असते असा अर्थ मी यातून काढत नाही. ते वीस वर्षे उशिरा आले, असे माझे मत आहे. म्हणून आधी उभे असलेले जुने जंगल, मग ते कितीही लहान असो. लागवड पन्नास वर्षांनीही करता येते, जुने झाड मात्र पन्नास वर्षांत परत मिळत नाही.

ओहोळ

जुनाखोड यांच्याशी मी सहमत आहे, पण तुकडा राखला म्हणजे पक्षी राखले असे मात्र होत नाही. पनामातील एक प्रयोग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. गाटून जलाशयावर संशोधकांनी जंगलातले पक्षी नावेतून किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर नेले आणि एकेक करून सोडून दिले. काही जातींचे पक्षी सहज परतले. परंतु घनदाट जंगलाच्या खालच्या थरात वावरणाऱ्या काही जातींच्या पक्ष्यांना १०० मीटरही उडता आले नाही. ते थोडे अंतर जाऊन पाण्यात पडले आणि त्यांना उचलून घ्यावे लागले. पंख असलेल्या जिवाला १०० मीटर मोकळी जागा अडवू शकते, हे वाचल्यानंतर नकाशावरील दोन तुकड्यांमधले उसाचे शेत मला समुद्रासारखे वाटू लागले. अशा तुकड्यात अडकलेली पाच-सहा जोडपी आज दिसतात, तरी एखाद्या वाईट वर्षानंतर त्यांची जागा घ्यायला बाहेरून कोणीच येऊ शकत नाही.

म्हणून लागवड जरूर करावी, पण कुठे करावी हे पक्ष्यांच्या दृष्टीने ठरवावे. दोन जुने तुकडे जोडणारा ओढ्याकाठचा पट्टा हा माझ्या मते पहिला मान. ब्राझीलच्या २०१२ च्या वनकायद्यात लहान ओढ्यांच्या दोन्ही काठांना ३० मीटर झाडोरा राखण्याची तरतूद आहे, परंतु २००८ पूर्वीच शेतीखाली गेलेल्या जागी लहान शेतांना सवलत देऊन ही रुंदी अगदी ५ मीटरपर्यंत खाली आणली आहे. पाच मीटरचा पट्टा म्हणजे नुसती कड. ऊन आणि वारा तिथे आरपार जातो आणि सावलीत वाढलेला पक्षी त्यात शिरायलाच धजत नाही.

बीजांकुर

इथे उलट्या बाजूचाही विचार करायला हवा, कारण हे जंगल लावण्याचे निम्मे काम पक्षीच करतात. जुसारा नावाचा ताड त्याच्या कोवळ्या गाभ्यासाठी बेसुमार तोडला गेला. गाभा काढला की हे झाड मरते, त्याला पुन्हा फुटवा येत नाही. टुकानसारखे मोठ्या चोचीचे पक्षी त्याची मोठी फळे सहज गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात, तर कस्तुरासारख्या लहान पक्ष्यांच्या घशातून साधारण १२ मिलिमीटरहून मोठे बी जात नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ताडाच्या २२ ठिकाणच्या झाडांची तुलना केली, तेव्हा मोठे पक्षी नाहीसे झालेल्या जंगलांत बियांचा आकारच लहान झालेला आढळला. लहान बी लवकर सुकते, त्यामुळे पुढची पिढी दुबळी पडते. झाडे उभी, फळे लगडलेली, आणि तरीही जंगल आतून बदलून गेलेले! शिकार आणि पिंजऱ्यासाठी होणारी पकड थांबवली नाही, तर राखलेल्या तुकड्याचीही हीच गत होईल.

सावली

शेतकऱ्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. बाइया राज्याच्या दक्षिण भागात काब्रुका पद्धतीने कोको पिकवतात, म्हणजे जंगलातील उंच झाडे तशीच ठेवून त्यांच्या सावलीत कोको लावतात. गुलाबी पायांचा ग्रावेतेइरो हा पक्षी शास्त्राला १९९६ साली माहीत झाला, तो अशाच बागांच्या वरच्या छतात. काटक्यांचे मोठे घरटे तो तिथेच बांधतो. १९८९ मध्ये कोकोवर बुरशीचा रोग आला, उत्पन्न कोसळले आणि अनेकांनी सावलीची झाडे विकून तिथे गुरांची कुरणे केली. काब्रुका ही जुन्या जंगलाची जागा घेऊ शकत नाही, पण दोन तुकड्यांमध्ये कुरण असण्यापेक्षा ती असणे केव्हाही चांगले. म्हणून सावलीतल्या कोकोला चांगला भाव मिळणे हेही पक्षीसंरक्षणच आहे असे मी मानते.

रानवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा प्रश्नच अपुरा होता, हे आता लक्षात आले. एक शंका मात्र राहते: उरलेले बहुतेक तुकडे खासगी मालकीचे असतील, तर ते कायमचे कसे राखायचे?

जुनाखोड

त्यासाठी तिथे खासगी राखीव जंगलाची सोय आहे. मालक स्वतःहून अर्ज करतो, जंगल त्याच्याच नावावर राहते, पण संरक्षणाची अट जमिनीच्या कागदावर कायमची नोंदवली जाते आणि जमीन विकली तरी ती पुढच्या मालकाला बांधील असते. त्या क्षेत्रावरचा जमीनकरही माफ होतो. आपला पक्षी २०११ साली शेवटचा दिसला, तो अशाच एका जंगलात.