काशीत एकच सकाळ: आधी काळभैरव की आधी विश्वनाथ?

जानेवारीत आईबाबांना घेऊन काशीला चाललोय. संध्याकाळी पोहोचणार, दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयागराजला निघणार. म्हणजे जुन्या शहरासाठी एक सकाळच हातात आहे. काळभैरव, बिंदुमाधव, विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि पितळी भांड्यांचा ठठेरी बाजार एवढं तिच्यात बसवायचंय. नकाशावर सगळं जवळजवळ आहे, गाडं अडलंय ते क्रमावर.

बाबांचं म्हणणं, काळभैरव काशीचा कोतवाल, त्याच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जायचं नाही. आई विश्वनाथाचं दर्शन होईपर्यंत पाण्याखेरीज तोंडात काही घालणार नाही. तिला शुगर आहे, सकाळची गोळी आहे. नऊच्या पुढे उपाशी ठेवणं मला परवडणार नाही, आणि हे तिला पटवणं त्याहून नाही.

बिंदुमाधव, म्हणजे विष्णूचं देऊळ, बाबांसाठी. रोज रात्री एकनाथी भागवत वाचतात, आणि नाथांनी तो ग्रंथ 1573 मध्ये काशीतच पूर्ण केला. पंचगंगा घाटावरचं मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागी आता आलमगीर मशीद आहे. बिंदुमाधवाचं सध्याचं देऊळ जवळच गल्लीत आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. विश्वनाथाचं मंदिर 1780 मध्ये अहिल्याबाईंनी उभं केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण औंधकरांचं नाव कुणी घेत नाही, ही बाबांची जुनी तक्रार.

आधी ठरवलं होतं की पहाटे दशाश्वमेधवरून नाव घ्यायची, सूर्योदय पाहत पंचगंगेला उतरायचं, वर बिंदुमाधव आणि तिथून गल्ल्यांतून काळभैरव. पण पंचगंगेच्या पायऱ्या फार उंच आहेत आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष झालेलं नाही. म्हणून आता उलटा विचार चाललाय: मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, काळभैरव, वरच्या वरच गल्लीने बिंदुमाधव, मग चौकातून विश्वनाथ आणि लगतची अन्नपूर्णा. नाव शेवटी, वेळ उरला तर. काळभैरव ते बिंदुमाधव ही गल्ली कुणी वयस्कर माणसांना घेऊन चाललंय का? मध्ये पायऱ्या किती लागतात? चौकाकडे जाताना पुन्हा रिक्षा मिळते की सगळं पायीच?

विश्वनाथासाठी सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून वेगळ्या रांगेतून जायचं, तिकीट आधीच काढणार आहे. पण सकाळी आठच्या सुमारास त्या रांगेलाही किती वेळ लागतो, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं. यावर आईचा नाश्ता अवलंबून आहे!

ठठेरी बाजार वाटेतच लागतो, तरी खरेदी दर्शनानंतरच करावी लागणार, कारण फोन आणि पिशव्या आत नेता येत नाहीत आणि पितळेचं ओझं लॉकरमध्ये कुठे कोंबायचं? बहिणीचं लग्न ठरलंय, तिच्या गौरीहरासाठी आईला अन्नपूर्णेची पितळी मूर्ती काशीचीच हवी आहे. शिवाय घरी मावंदं, म्हणजे काशीयात्रेनंतरचं जेवण, घालायचंय, त्यासाठी तोंड झाळून बंद केलेले गंगेचे गडू. भांड्यांची दुकानं सकाळी किती वाजता उघडतात? मूर्ती वजनावर देतात की नगावर? विश्वनाथ गल्लीतही मूर्ती दिसतात, पण घडणीत फरक असतो का?

आणि मलइयो, दुधाच्या फेसाची मिठाई. ती फक्त थंडीत, तीही सकाळीच मिळते, त्यामुळे हुकवायची नाही. चौखंबा भागात दहा-साडेदहापर्यंत उरते का, की बाबांनी आणि मी आईच्या नजरेआड आधीच खाऊन घ्यावी?

'सरळ गाईड घ्या' हे उत्तर कृपया नको. बाबा गाईडलाच इतिहास सांगत बसतात आणि तास तिथेच जातो.