आरएक्स १००ला आरटीआर १८०चा चिमटा बसवला, एफझेडचं मागचं चाक लाईनीत येत नाही

डिचोलीकर_टूस्ट्रोक:
भावांनो जरा बघा. बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे, तिला टीव्हीएस अपाचे आरटीआर १८०चा बॉक्सवाला चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) घातलाय, डिस्क ब्रेकवाला. पिव्हटचे (चिमटा फ्रेमला जोडतो त्या सांध्याचे) बुश लेथवर करून घेतले, प्ले अजिबात नाही, शॉकपण बऱ्यापैकी सरळ उभे राहिले. भानगड चाकाची. चिमट्याबरोबर चाक मिळालं नाही म्हणून म्हापशाहून यामाहा एफझेड १६चं ड्रम ब्रेकवालं अलॉय चाक आणलं टायरसकट, १४०/६०-१७. आता चाक चिमट्यात मधोमध धरलं तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) पुढच्यापेक्षा १२ मिमी बाहेर जातं, आणि चेन सरळ केली तर टायर उजवीकडे चिमट्याला घासायला बघतो. गॅरेजवाला म्हणतो उजवा बुश कापू, डावीकडे वॉशर भरू, धावेल. ड्रमच्या प्लेटचा दांडा अडकवायला चिमट्यावर जागाच नाही, तिथे पत्रा वेल्ड मारतो म्हणतो. आणि १८चं चाक जाऊन १७ आलं तर गाडी मागून बसेल का? चतुर्थीच्या आधी रस्त्यावर आणायचीय.

लेथमामा_फोंडा:
अरे थांब, आधी काही कापू नको. चिमट्याच्या मधोमध म्हणजे गाडीच्या मधोमध असं कोणी सांगितलं तुला? दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, आणि मला पहिला संशय तुझ्या पिव्हटच्या बुशांवर आहे. डावा उजवा चुकीच्या लांबीचा झाला असेल तर अख्खा चिमटाच एका बाजूला सरकलाय, मग मागे काय करशील ते वाकडंच. दोरी लाव. मागच्या टायरच्या मागून घेऊन दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणायची, हँडल सरळ, दोरी जमिनीपासून दीड वीत वर आणि मागच्या टायरला पुढे मागे दोन्हीकडे टेकलेली. मागचा टायर जाड आहे त्यामुळे पुढे दोन्ही बाजूंना फट दिसेल, ती फट सारखी आली की चाक बरोबर. चिमट्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवू नको, त्या जुन्या गाडीच्या आहेत.

चाक मध्यावर आलं की मगच स्प्रॉकेट. चाक सरकवून चेन जुळवायची नाही. स्प्रॉकेट आत घ्यायचं असेल तर कॅरियरला (स्प्रॉकेट बसतं तो भाग) लेथवर फेसिंग मारतात किंवा खोलगट स्प्रॉकेट करून घेतात, एक दोन मिमीचं काम ते, १२ मिमी नव्हे.

आता हिशोब कर. १४०चा टायर म्हणजे मध्यापासून ७० मिमी, चेनची अर्धी जाडी धर ८-९, वर निदान ५ मिमी मोकळी हवा, कारण चेन ढिली झाली की झोका घेते. म्हणजे चेनची मधली रेघ गाडीच्या मध्यापासून ८४च्या आसपास पाहिजे. आरएक्सचं इंजिन अंगाने बारीक. पुढच्या स्प्रॉकेटला सरळपट्टी टेकवून मागे ने, आणि टायरला कुठे लागते ते बघ.

घाटवाट_सत्तरी:
ब्रेकचं आधी बघा राव. ड्रमच्या प्लेटचा तो दांडा शोभेला नसतो, ब्रेक दाबला की अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते आणि तिला धरून ठेवतो तो एकटा दांडा. पत्र्यावर वेल्ड मारलेला तुकडा अनमोडच्या उतारावर सुटला तर प्लेट फिरून रॉड गुंडाळून चाक जाम होणार, पावसात तर बोलायलाच नको. चिमट्याचा पाईप पातळ असतो, एका टोकावर सगळा ओढा आला की तिथेच चिरतो. डिस्कच्या चिमट्यात डिस्कचंच चाक घाला. गाडीला घोडे (हॉर्सपॉवर) ११, त्याला १४०चा टायर कशाला रे? नुसतं वजन, आणि वळणावर आडवी घालायला जड.

मांडवीपलीकडे:
उंचीची काळजी सोड. जुना २.७५-१८ जवळपास ५९७ मिमी व्यासाचा, १४०/६०-१७ साधारण ६००चा. रिम लहान झाली तरी टायर जाड. गाडी खाली बसली तर चिमट्याची लांबी आणि शॉकच्या कोनामुळे बसेल. आणि कागदांचं लक्षात ठेव, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला मागचं चाकच बघणार.

डिचोलीकर_टूस्ट्रोक:
मामा तुमचा संशय खरा निघाला, पिव्हटचा डावा बुश उजव्यापेक्षा ५ मिमी कमी आहे, चिमटा त्यामुळे डावीकडे सरकलाय. पण तो धरूनही भागत नाही, सरळपट्टी लावली तर थेट टायरच्या रबरलाच टेकली. एफझेडचं चाक परत विकतो. मडगावला एकाकडे आरटीआर १८०चंच चाक आहे डिस्क कॅलिपरसकट, ११०/८०-१७. ते सरळ बसेल ना?

लेथमामा_फोंडा:
चिमट्यात बसेल, ब्रॅकेट आणि स्पेसर त्याच चाकाचे माग, आणि हबच्या आत दोन बेअरिंगच्या मधली नळी आहे का ते बघून पैसे दे. ती नसली किंवा आखूड असली तर ॲक्सल आवळला की बेअरिंगवर आडवा दाब येतो, चाक हाताला जड फिरतं, आणि महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं. पिव्हटचे बुश नवीन कर, जुन्यात वॉशर भरू नको. मग पुन्हा दोरी. चेन कुठली येते ते दात्यांमधलं अंतर मोजून बघ, तुझी ४२८ नंबरची आहे, मागचं स्प्रॉकेट ५२०चं निघालं तर बसणार नाही, पिच (चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ विरुद्ध १५.८७५ मिमी.

डिचोलीकर_टूस्ट्रोक:
ओके मामा. मास्टर सिलिंडर (डिस्क ब्रेकला तेलाचा दाब देणारा) मात्र डोक्यात बसत नाहीये, आरएक्सच्या पेडलला जोडायचा कसा?

घाटवाट_सत्तरी:
ड्रमचा पेडल रॉड पुढे ओढतो, मास्टर सिलिंडरला दांडा आत ढकलावा लागतो, म्हणजे उलटं काम. पेडलच्या शाफ्टला छोटा हात वेल्ड करून वरच्या बाजूने ढकलायचा, नाहीतर फूटरेस्टसकट आरटीआरचा पेडलच घे, मला दुसरं बरं वाटतं. आणि पाय काढल्यावर पेडल पूर्ण मागे येतोय ना ते बघ, नाहीतर डिस्क अर्धी दाबलेलीच राहील. पेडलचा फोटो टाक, बघून सांगतो.