ट्रान्झिस्टर लहान करण्याची शर्यत संपत आली; सांगलीच्या मुलांनी आता प्रकाशाकडे वळावे का?

विश्रामबागकर (धागाकर्ता):
वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले भेटली की चिप डिझाइनला किती भवितव्य आहे, हा प्रश्न हमखास निघतो. माझे मत असे की ट्रान्झिस्टर लहान करत जाण्याच्या वाटेवर आता श्रम फार आणि लाभ थोडा आहे, म्हणून नव्याने येणाऱ्यांनी सिलिकॉन फोटॉनिक्सचा, म्हणजे तांब्याच्या तारेऐवजी सिलिकॉनच्या चिपवरून प्रकाशाने माहिती नेण्याच्या तंत्राचा, पाया पक्का करावा.

इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला आडाखा, म्हणजे चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या साधारण दोन वर्षांत दुप्पट होते हा, कसाबसा तग धरून आहे. परंतु ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरते आणि चिप अधिक तापत नाही, हा रॉबर्ट डेनार्ड यांचा १९७४ चा नियम २००५ च्या सुमारासच कोलमडला. व्होल्टेज फार उतरवले तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह झिरपू लागतो. चिपच्या पिढीला दिलेले ‘३ नॅनोमीटर’ हे तर निव्वळ नाव उरले आहे. त्या चिपवर लगतच्या दोन गेटांमधील (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागांमधील) अंतर पंचेचाळीस ते पन्नास नॅनोमीटर असते. टीएसएमसी या तैवानी चिपनिर्मात्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर पिढीत एसरॅमचा, म्हणजे चिपवरच्या जलद मेमरीचा, एक सेल ०.०२१ चौरस मायक्रॉन जागा व्यापत होता, आणि पुढच्या ३ नॅनोमीटरच्या एन३ई पिढीतही तो तेवढाच राहिला.

कृष्णाकाठ:
सर, आपल्या हाताखाली शिकलो असलो तरी हा निष्कर्ष मला मान्य नाही. दुखणे बरोबर ओळखले आहे, औषध मात्र भलतेच सांगितले आहे. फोटॉनिक्समध्ये प्रामुख्याने १३१० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, आणि तो वाहून नेणारी सिलिकॉनची वाट सुमारे अर्धा मायक्रॉन रुंद ठेवावी लागते. ती ट्रान्झिस्टरसारखी वर्षागणिक आक्रसत नाही. शिवाय सिलिकॉन स्वतः लेसर देऊ शकत नाही, त्यासाठी इंडियम फॉस्फाइडसारखा परका पदार्थ आणून जोडावा लागतो.

राहिला तांब्याचा प्रश्न. एनव्हिडिया या चिप कंपनीने २०२४ मध्ये बहात्तर जीपीयूंचे (एआयची गणिते करणाऱ्या चिपांचे) जे रॅक जाहीर केले, त्यात पाच हजारांहून अधिक तांब्याच्या केबल आहेत. हेच काम प्रकाशावर केले असते तर केवळ ट्रान्सीव्हर (विद्युत संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा विद्युत संकेत करणारे) आणि रीटायमर (बिघडलेला संकेत दुरुस्त करणारे) यांनाच वीस किलोवॅट लागले असते, असे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी तेव्हा भर व्यासपीठावर सांगितले होते. गुजरातमधील धोलेऱ्यात टाटांचा चिपचा कारखाना उभा राहत आहे, तोही २८ नॅनोमीटर आणि त्यावरील चिपसाठी. तेथे जी माणसे लागतील, ती ट्रान्झिस्टर जाणणारी.

विश्रामबागकर:
प्रकाशाने गणित करावे, असे मी कुठेच म्हटलेले नाही; माझा मुद्दा माहितीच्या वाहतुकीचा आहे. गाळपाची क्षमता वाढवूनही उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या गेटबाहेरच खोळंबून राहिल्या तर त्या क्षमतेला अर्थ उरत नाही. आज मोठ्या चिपांचे नेमके तेच झाले आहे. मेमरीतून एखादा आकडा आणण्यास जी ऊर्जा लागते, तिच्यापुढे त्याची बेरीज करण्याची ऊर्जा नगण्य आहे.

हुआंग यांचा तो हिशेब स्वतंत्र ट्रान्सीव्हर लावण्याचा होता, ज्यात विद्युत संकेताला आधी बोर्डावरून वाट काढावी लागते आणि मग त्याची दुरुस्ती करावी लागते. त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये प्रकाशाचे भाग थेट चिपच्या पॅकेजमध्ये, म्हणजे चिप ज्यात बंदिस्त असते त्या आवरणात, बसवलेले नेटवर्क स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणारे यंत्र) जाहीर केले, याचा उल्लेख आपण सोयीने टाळलात. आयआयटी मद्रासमध्ये या विषयाचे केंद्र आहे, म्हणजे शिकण्यासाठी परदेशच गाठला पाहिजे असे नाही.

कुपवाडचा फायबरवाला:
दोघेही चिपच्या आतच अडकून पडला आहात. मी इंटरनेटच्या फायबरची जोडणी करतो. फायबरचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा. फायबर अल्कोहोलने पुसून, टोक नीट कापून स्प्लायसिंग मशीनमध्ये (दोन फायबर वितळवून जोडणाऱ्या यंत्रात) धरले की चांगल्या जोडात ०.१ डेसिबलपेक्षाही कमी प्रकाश वाया जातो, कारण दोन्ही बाजूंना गाभा सारखाच असतो. चिपवर मात्र हाच नऊ मायक्रॉनचा झोत अर्ध्या मायक्रॉनच्या वाटेत शिरवायचा असतो. तेथे एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा, गमावूनही काम चांगले झाले असे समजतात. अशा जोडण्या एकेका पॅकेजवर डझनांनी असतात, आणि त्या जुळवून, चिकटवून, तपासण्यात वेळ व पैसा मुरतो. आपल्या भागातील मुलांना वाव असेल तर तो मला या जुळवणीत आणि चाचणीत दिसतो, आणि तेथे डिप्लोमावालाही चालेल.

कृष्णाकाठ:
हा मुद्दा मला सरांच्या मुद्द्यापेक्षा अधिक पटतो. तरीही एक गोष्ट नोंदवतो. पॅकेजमध्ये प्रकाश आणणाऱ्या या स्विचमध्येसुद्धा लेसर चिपपासून दूर, बाहेरून काढता-घालता येईल अशा वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवलेला असतो, कारण उष्णतेने सर्वांत आधी तोच दगा देतो आणि तो बदलण्याची सोय राखावी लागते. चिपवरच बसवलेला आणि चिपइतकाच टिकणारा लेसर बाजारात स्वस्तात मिळू लागेल, तेव्हा मी मुलांना खुशाल फोटॉनिक्स घ्या म्हणेन. तोपर्यंत सेमिकंडक्टर डिव्हाइसेसचा पेपर त्यांनी ऑप्शनला टाकू नये.