'लॉरा' (१९४४) खरंच नॉयर आहे का?

रातपाळी:
काल ओटो प्रेमिंजरचा 'लॉरा' पहिल्यांदा बघितला. पिक्चर जबरदस्त आहे, वादच नाही, पण सगळीकडे हा नॉयरच्या (फ्रेंचमध्ये 'काळा', म्हणजे अंधाऱ्या बोळांच्या, काळ्या मनांच्या गुन्हेपटांच्या) यादीत असतो ते काही मला पटेना. सगळं घडतं न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, पैशासाठी नवऱ्याचा काटा काढणारी बाई नाही, लॉरा तर जाहिरात एजन्सीत स्वतःच्या हिमतीवर वर आलेली सरळ मुलगी. एक खून, तीन-चार संशयित, शेवटी खुनी सापडतो. ही साधी रहस्यकथाच झाली ना?

जुनी रीळ:
अहो पण नॉयर हा शब्दच मुळात कशावरून आला ते बघा ना. युद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सला अमेरिकन पिक्चर बघायलाच मिळत नव्हते, ते १९४६ ला पॅरिसमध्ये एकदम येऊन पडले, आणि निनो फ्रँक या समीक्षकाने ज्या मोजक्या पिक्चरांबद्दल हा शब्द वापरला त्यात 'माल्टीज फाल्कन', 'डबल इन्डेम्निटी' यांच्याबरोबर 'लॉरा' पण होता. ज्यांच्यावरून नाव पडलं त्यातलाच एक बाहेर कसा काढणार?

चौकटीबाहेर:
नाव आधी मिळालं म्हणून काय झालं, शब्दाचा अर्थ नंतर पक्का होत गेला. 'डबल इन्डेम्निटी' पण १९४४ चाच, त्यात हीरो सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून मी केला, मग आपण फक्त त्याला खड्ड्यात जाताना बघत राहतो. 'लॉरा'त शेवटपर्यंत 'कोणी केला' हाच प्रश्न. माझं मत रातपाळीसारखंच.

सावली:
(पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, मजा जाईल.)
तुम्ही दोघं खुनाकडे बघताय, मी म्हणते त्या डिटेक्टिव्हकडे बघा. मॅकफर्सन मेलेल्या बाईच्या, म्हणजे लॉराच्या, घरात रात्री एकटा फिरतो, तिची पत्रं वाचतो, कपाट उघडतो, अत्तर हुंगतो, तिचीच दारू पितो, तिचं चित्र विकत घ्यायचं बघतो, बाहेर पाऊस. तपास कधीच मागे पडलाय, हा माणूस एका प्रेताच्या प्रेमात पडलाय, आणि मग त्याच चित्राखाली त्याला झोप लागते आणि ती स्वतः, जिवंत, दारातून आत येते! कित्येक जण म्हणतात तिथून पुढचं सगळं त्याचं स्वप्नच. संगीतकार रॅक्सिनची ती धून सारखी येत राहते, कारण ती त्याच्या डोक्यातून जातच नाही. यापेक्षा काळं काय असतं? अंधार बोळातच पाहिजे असं कुठंय, इथे तो पोलिसाच्या मनात आहे.

रातपाळी:
सावली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी पूर्ण वेळ खुनी शोधत बसलो होतो. आता चौकीतला तो सीन आठवतोय, तिच्या तोंडावर झगझगीत दिवे मारून प्रश्न विचारतो आणि मग स्वतःच ते बंद करतो. मी समजलो दया आली. आज रात्री परत बघतो, नुसतं त्याच्याकडे लक्ष ठेवून. चौकटीबाहेर, तुम्ही पण बघा आणि सांगा.